पडद्याखालचे वीस पाय

समजा, तुमच्या हातात अंगठ्याएवढी काचेची एक बाटली आहे. वर रबराचं बूच, त्यावर प्लास्टिकची टोपी. आत दहा माणसांपुरती लस. टोपी उघडून बुचात पहिली सुई घातली, की तिथून चार तास मोजायचे. चार तासांनंतर जे उरेल ते फेकून द्यायचं. नंतर कुणी कितीही गयावया केली तरी द्यायचं नाही. आता सांगा, तुमच्या दारात सात माणसं आली आहेत, आठवा जिन्यातूनच परत गेला आणि नववा म्हणतोय, ‘आधी दुसऱ्यांना काय होतं ते बघतो.’ टोपी उघडाल?

माझी आत्या हे रोज ठरवते. दुसऱ्या मजल्यावरच्या लसीकरणाच्या खोलीत ती एकटी असते. खोलीच्या मधोमध हिरवा पडदा. पडद्यामागे आत्या, तिचं टेबल आणि निळा बर्फाचा डबा. पडद्यापुढे वाट बघणाऱ्यांच्या दहा खुर्च्या आणि भिंतीलगत लस घेतल्यावर अर्धा तास बसायचा बाक. पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. त्यामुळे आत्याला आतून माणसं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. तिचा हिशेब सरळ आहे. वीस पाय झाले की टोपी उघडायची. या हिशेबाने तिने तीन वर्षांत एक थेंब वाया घालवलेला नाही. एकदाच घोटाळा झाला होता. एक आजीबाई खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि आत्या अर्धा तास अठरा पायांकडे बघत विसाव्या पायाची वाट पाहत बसली.

‘बाहेर येऊन डोकी का मोजत नाहीस?’ मी एकदा विचारलं. मी मोजमापाच्या यंत्रांचं काम करते, मला हे बघवत नव्हतं.

‘मी बाहेर आले की निम्मी पळतात,’ आत्या म्हणाली. ‘हातमोजे बघूनच गार होतात.’

खरं तर तिचा हात इतका हलका आहे की गल्लीत तिची कीर्ती आहे. तिची एक युक्ती आहे. दंडावर कापूस फिरवून झाला, की ती एकदम काळजीच्या सुरात विचारते, ‘निघताना गॅस बंद केलात ना?’ किंवा, ‘घराला कुलूप लावलंत?’ माणूस डोळे मिचकावत आठवायला लागतो, तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असते. मग ती विचारते, ‘दुखलं का?’ आणि तो म्हणतो, ‘म्हणजे? झालंसुद्धा?’ हे ऐकलं की आत्याचा चेहरा असा खुलतो, जणू कुणी तिला बक्षीसच दिलं.

एका माणसाने मात्र तिला हा आनंद कधी दिला नाही. तिच्या सख्ख्या भावाने. म्हणजे माझ्या बाबांनी.

बाबांचं सलून आत्याच्या खोलीपासून दोनशे पावलांवर आहे. लसीच्या विरोधात या भागात जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं तरी त्यांच्या खुर्चीतून निघालेलं असतं. आणि त्यांच्याशी वाद कोण घालणार? गिऱ्हाइकाची मान मागे, गळ्याशी वस्तरा. ‘ही लस घेतली की अंगाला लोखंड चिकटतं, पटतंय ना?’ असं त्या अवस्थेत विचारलं तर कुणालाही पटतं. बाबांनी तर प्रयोगही केले होते. लस घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दंडाला ते चहाचा चमचा लावून बघायचे. पंचेचाळीस वेळा पडला. सेहेचाळिसाव्या वेळी एका घामाघूम वाण्याच्या कपाळाला तो दोन सेकंद टिकला. बाबांनी पुढचं वर्षभर तेवढंच सांगितलं.

‘दंड सोडून कपाळ कशाला?’ मी म्हणाले.

‘विज्ञानात सगळीकडे बघावं लागतं,’ बाबा म्हणाले.

हसायला ठीक होतं. पण मागच्या लाटेत हाच माणूस अठरा दिवस खाटेवर होता. आत्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि आतला खोकला थांबला की धडपडत उठायची. तेव्हापासून बाबांना दोन जिने चढले तरी धाप लागते. वय बासष्ट आणि काम असं, की दिवसभर दुसऱ्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर उभं राहायचं. नव्या लाटेच्या बातम्या सुरू झाल्या तशी आत्याची झोप उडाली. तिने त्यांना समजावलं, रागावली, अबोला धरला, तो स्वतःच मोडला. बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे, ‘बघू गं छोटे,’ आणि चमचा शोधायला लागायचे.

त्या सोमवारी बातम्यांचा जोर होता. कित्येक महिने ओस पडलेल्या खोलीत सकाळी दहाच्या आत नऊ माणसं. मी नववी, बूस्टर घ्यायला आले होते. आत्या पडद्यामागून ओरडली, ‘अठरा पाय दिसताहेत! अजून दोन आणा कुणीतरी!’

तेवढ्यात जिन्यातून बाबा वर आले. हातात आत्या घरी विसरलेला जेवणाचा डबा, पायांत कालच घेतलेल्या कोऱ्या करकरीत चपला. पडद्याआड बोलावल्याशिवाय जायचं नाही हा आत्याचा नियम त्यांना माहीत होता. त्यांना धाप लागली होती. समोर एकच खुर्ची रिकामी होती, नेमकी पंख्याखाली. ते बसले.

‘झाले वीस!’ आतून आत्याचा हर्षभरित आवाज आला. पाठोपाठ टोपी उडाल्याचा टक् असा बारीक आवाज.

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, यांनी गुपचूप ठरवलं असावं. मी काही बोलले तर ते उठून जातील, म्हणून मी गप्प. ते काही बोलले नाहीत कारण पंख्याखाली त्यांना तिसऱ्याच मिनिटाला डुलकी लागली होती.

एकेक जण आत जाऊन बाकावर येत गेला. निवृत्त शाळामास्तर, वाणी, शिवणकाम करणाऱ्या दोघी जावा. माझंही झालं. (‘लॅपटॉप बंद केलास का गं?’ ‘अगं हो, नाही, थांब...’ ‘दुखलं का?’) मग आत्याने हाक मारली, ‘चला, दहावे! नव्या चपलावाले!’

बाबा दचकून जागे झाले आणि डबा पुढे करत पडद्यात शिरले.

‘दादा?’

‘डबा विसरलीस.’

 आत्याने पडदा सर्रकन बाजूला केला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात डबा. ‘तुझ्या पायांवर भरवसा ठेवून मी टोपी उघडली!’

‘मी फक्त बसलो होतो!’

‘या खोलीत फक्त कुणी बसतं का? ही काय बाग आहे?’

बाकावरचे नऊच्या नऊ जण सरसावून बसले. अर्धा तास बसायचंच होतं, त्यात असा कार्यक्रम.

‘दादा, दहा दहाला उघडलीय. दोन दहाला फेकावी लागेल. एक डोस राहिलाय.’

‘मग दुसरा माणूस शोध.’

‘शोधीन. आणि सापडेलही. मला तो डोस तुला द्यायचाय.’

बाबांनी घसा खाकरला. ‘लस बनवायला दहा वर्षं लागतात म्हणतात. ही वर्षभरात कशी झाली? हे सांग आधी. चमच्याचं जाऊ दे.’

मला वाटलं आत्या चिडेल. ती स्टुलावर बसली. ‘चांगलं विचारलंस. एरवी एक काम संपल्यावर दुसरं सुरू होतं. मधे परवानग्या, पैसे, माणसं जमवण्यात वर्षं जातात. या वेळी सगळं एकाच वेळी सुरू केलं. आणि मुळातलं संशोधन जुनंच होतं, कितीतरी वर्षांचं. चाचण्या गाळल्या नाहीत. आता तू विचारशील, त्रास होतो का? होतो. दंड दुखतो, ताप येतो. फार थोड्यांना मोठा त्रास होतो, म्हणून तर अर्धा तास बसवून ठेवते. पण तो तुझा अठरा दिवसांचा खोकला... तो मी दाराबाहेर बसून ऐकलाय.’

मास्तर बाकावरून म्हणाले, ‘उत्तर पूर्ण गुण देण्यासारखं आहे.’

बाबांनी पंख्याकडे बघितलं, नव्या चपलांकडे बघितलं. कारणं संपली होती. मग अगदी हळू म्हणाले, ‘घेतो. पण दुसरी कुणी देणार असेल तर.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तू सोडून कुणीही.’

वाण्याने आ वासला. आत्याचा हात साऱ्या गल्लीला चालतो आणि सख्ख्या भावाला नको?

‘का पण?’

‘आठवतंय, तू एकोणीसची होतीस? शिकत होतीस. परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणालीस, दादा, मला एक हात दे सरावाला. ताकदीचं इंजेक्शन, कोर्सवरच्या बाईंनीच दिलंय.’

‘आठवतं तर! तू म्हणालास, मुंगी चावल्यासारखं वाटलं.’

‘छोटे, मुंगी नव्हती ती. रेडा होता.’ बाबांनी उजवा दंड चोळला, एवढ्या वर्षांनी. ‘आठ दिवस कात्री धरता आली नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं शिडीवरून पडलो.’

‘मग तू मला सांगितलं का नाहीस?’

‘रडत बसली असतीस. सकाळी परीक्षा होती.’

‘आणि ही लस? चमचा? लोखंड?’

‘लोकांना काय सांगू, माझ्या बहिणीच्या हाताला घाबरतो? तुझं नाव गेलं असतं. लोखंडाचं काय, त्याला जायला नावच नसतं.’ मग जरा ओशाळून म्हणाले, ‘पुढे पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं, हेही आहे. रोज वीस वेळा बोललं की वाटतं.’

दोघी जावांपैकी धाकटीने डोळ्यांना पदर लावला आणि थोरली हसून हसून बाकावरून घसरली. आत्या हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की तिने सिरिंज उचलली आणि तिचा हात थरथरत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा.

‘नको,’ ती म्हणाली. ‘नाही जमणार मला. दुसऱ्या केंद्रावरून कुणाला तरी बोलावते.’

ते थरथरणं बाबांनीही बघितलं. पण आता त्यांचा चेहरा बदलला. तो भित्र्या भावाचा राहिला नाही, चाळीस वर्षं वस्तरा चालवलेल्या माणसाचा झाला. त्यांनी खुर्ची ओढली, बाही वर केली.

‘इकडे बघ. थरथरत्या हाताने कधी जोर लावायचा नाही. आधी करंगळी टेकव माझ्या दंडावर. टेकव. आता श्वास पूर्ण सोड. हात आपोआप थांबतो. मी पहिली दाढी अशीच केली होती.’

आत्याने करंगळी टेकवली. श्वास सोडला. हात थांबला.

‘नक्की घ्यायचीय ना, दादा? मन नसेल तर सांग.’

‘बाही वर केलीय मी. कर.’

बाबांनी डोळे गच्च मिटले. कापूस फिरला. आणि सवयीने आत्याच्या तोंडून निघून गेलं, ‘दुकानाला कुलूप लावलंस ना?’

‘लावलं... नाही! अरे देवा! दुकानात गिऱ्हाईक बसलंय! अर्धी दाढी झालीय त्याची!’

‘झालं,’ आत्या म्हणाली.

बाबा ताडकन उठले. ‘अर्धा तास!’ बाकावरचे नऊ जण एका सुरात ओरडले. वाण्याने त्यांना दंड सांभाळून खाली बसवलं. बसल्या बसल्या बाबांनी डब्यातला चमचा काढला, टोचलेल्या जागेपासून थोडा वर लावला आणि सोडला. चमचा खणकन फरशीवर पडला.

‘पडला,’ ते म्हणाले. आवाजात थोडी निराशाच होती.

इतक्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दारात टेम्पोवाले काका उभे होते. गळ्यात सलूनचं कापड, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस वाळून पापडी झालेला. ‘दोन मिनिटांत येतो म्हणालात!’ ते गरजले. ‘पाऊण तास झाला! मला झोप लागली, उठून आरशात बघतो तर...’ मग त्यांचं लक्ष बाबांच्या वर केलेल्या बाहीकडे गेलं. 

‘तुम्ही? लस? तुमच्या शब्दावर मी दोन वर्षं थांबलो!’

बाबा बाकावर चुळबुळले. एवढ्या माणसांसमोर असं उत्तर देणं सोपं नसतं. ‘माझं चुकलं,’ ते म्हणाले. ‘विचारायचं ते या बाईला विचारा. मला दाढीचं विचारा.’

काका विचारात पडले. खरोखरच त्यांनी आत्याला चार प्रश्न विचारले आणि उत्तरं नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, ‘बरं, टोचा.’

आत्याने रिकामी बाटली दाखवली. ‘संपली. नवी उघडायला आणखी नऊ माणसं लागतील.’

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. अर्धा तास भरताच बाबा खिडकीशी गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हाका मारू लागले. त्यांच्याशेजारी अर्ध्या दाढीचे काकाही ओरडत होते. लोक आधी ती दाढी बघायला वर आले, मग प्रश्न विचारत बसले. काही परत गेले, काही थांबले. दीड वाजता पडद्यामागून आवाज आला, ‘वीस!’ पण टोपी उडाल्याचा आवाज आला नाही. आधी पडदा बाजूला झाला, आत्या बाहेर आली आणि तिने एकेका माणसाला विचारलं, ‘तुम्ही घ्यायलाच आलात ना? नुसते बसला नाहीत ना?’

आता ती असंच विचारते. पाय मोजते, पण विचारतेही.

राहिली एकच गोष्ट. त्या गोंधळात आत्या बाबांना तिचा नेहमीचा प्रश्न विचारायची राहून गेली. संध्याकाळी विचारला तर बाबा म्हणाले, ‘गिऱ्हाइकाच्या काळजीत होतो, आठवत नाही.’ पण मास्तरांना त्यांनी सांगितलं, कळलंही नाही. वाण्याला सांगितलं, बऱ्यापैकी लागलं. टेम्पोवाल्यांना सांगितलं, मुंगी. आत्या ही तिन्ही उत्तरं तोंडपाठ म्हणून दाखवते. मुंगीवर येऊन थांबते, कारण मुंगी त्यांनी मागेही एकदा सांगितली होती. काल बाबा तिला डबा द्यायला गेले, तेव्हा तिने पडद्याखालून त्यांच्या चपला ओळखल्या आणि आतूनच विचारलं,

‘दादा, आता तरी खरं सांग. दुखलं का?’