विचारलं म्हणून सांग

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी तात्यांनी, माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, कुऱ्हाडीच्या दांड्यानं आबांचा, माझ्या वडिलांचा, उजवा हात मोडला. माझं लग्न तात्यांनी आपल्या मेव्हण्याच्या घरी ठरवलं होतं आणि आबांनी मला शिकायला जाऊ दिलं, एवढंच कारण. पहिल्या तडाख्याला आबा खाली बसले, दुसऱ्याला हाड वाजलं. दाताखाली ओठ फुटून रक्त गळत असताना म्हणाले, "गाडीत बस. मागं बघू नको." मी बसले. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. ते मी आजही मान वर करून सांगते.

आता जर्मनीतल्या गार्चिंगला भाषांमधल्या आवाजांवर काम करते. सध्या माली देशातली मिन्यांका भाषा. उंच, मधली, खालची अशा तीन पट्ट्या. पट्टी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. शिवाय नाकातले स्वर. ती बोलून दाखवायला सियाका येतो, तिथून पळून आलेला. आल्या आल्या त्याचं सुरू: घर कसं? आई कशी? वडील? बैल? एकेकाचं विचारल्याशिवाय त्यांच्यात कामाला हात लावत नाहीत. मी म्हणायचे, "हो, हो, सगळे बरे. सुरू करू?"

परवा म्हटलं, काहीतरी सलग सांग. त्यानं सांगितलं. मोटारसायकलींवरून बंदूकवाले आले. धान्याच्या कोठ्या पेटवल्या. भावाला दारातच गोळ्या घातल्या. आई "पळ" म्हणून ओरडली, तिला कोयत्यानं तोडली. ती ओरडली तसाच तो माइकसमोर ओरडला. पडद्यावर आवाजाची रेघ थरथरत होती, तरी तिन्ही पट्ट्या जागच्या जागी.

पाणी पिऊन त्यानं विचारलं, "वडील कसे?"

यावेळी मी हाताचं सांगितलं. फोनवर आबा तो विषयच काढू देत नाहीत, हेही.

"हे बघ, आमच्यात बैलाच्या पायाचंसुद्धा विचारतात," तो म्हणाला. "माझं विचारण्यासारखं कुणी उरलं नाही, म्हणून तुझं विचारतो."

घरी येऊन फोन लावला. आई? बरी आहे. बैल? बरे आहेत. हात?

आबा म्हणाले, "वाकडा बसलाय. भाकरी डाव्यानं मोडतो. तात्या अजून दांडकं घेऊन दारावरनं जातो. तू एवढ्यात येऊ नको." आणि मग, "आज कशी काय आठवण झाली हाताची?"

मी सियाकाचं सांगितलं.

"त्याचं घर?"

"जाळलं."

"आई?"

"तोडली, आबा."

"भाऊ?"

"दारात."

ते एकेकाचं विचारत राहिले, घाई न करता. शेवटी म्हणाले, "त्याला म्हणावं, आबांनी विचारलंय."

माझं घर आता तेवढंच आहे: एकेकाचं विचारणं.