पाणी पीत जा

आम्हा दोघी बहिणींचं रक्त एकाच दिवशी तपासलं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी आठवीत, धाकटी सहावीत. आसगावकडच्या आमच्या गावातल्या शाळेत सिकलसेल तपासणारी गाडी आली. बोटाला सुई टोचली तेव्हा धाकटीनं हूं की चूं केलं नाही, मी मात्र शाळा डोक्यावर घेतली. पुढे दोघींची कार्डं आली ती सारखीच. आईच्या रक्तात ते अर्धं होतं, बाबांच्या रक्तातही अर्धं. त्या दोघांना कधी काही झालं नाही. आमच्या वाट्याला मात्र दोन्हीकडून येऊन पूर्ण झालं. डॉक्टरांनी समजावलं की आमच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, म्हणून हाडं ठणकतात. गोळ्या लिहून दिल्या. अंग भिजवू नका म्हणाले, मेहनत बेतानं करा, आणि पाणी पीत जा, भरपूर. बाबांना तेवढ्यानंच हायसं वाटलं. पाण्याचं काय, म्हणाले, आपल्याकडे दुसरं आहेच काय.

त्याच उन्हाळ्यात भंडाऱ्याची आत्या आली. तिला मूलबाळ नव्हतं. एका पोरीला मी नेते, शिकवते, म्हणाली. मला नेलं, कारण मी मोठी होते आणि मला पोळ्या करता येत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे नात्यातले लोक म्हणू लागले की ही हुशार म्हणून पुढे गेली. कसली हुशार! गणितं मला धाकटी सोडवून द्यायची.

मी कॉलेज केलं, परीक्षा दिली, सरकारी ऑफिसात लागले. टेबल, पंखा, टेबलावर पाण्याची बाटली. धाकटी दहावी झाली आणि थांबली. शेजारच्या गावात तिचं लग्न झालं. नवरा बरा होता, शेती मात्र नावापुरती, म्हणून ती दर पावसाळ्यात रोवण्याला, भाताच्या लावणीला, जायची. आमच्याकडे धानाचा रोवणा बाया टोळी करून गुत्त्यानं घेतात. इतके एकर इतक्यात, मग पैसे सगळ्यांत सारखे वाटून. दर वर्षी रोवणा संपता संपता धाकटी दवाखान्यात भरती व्हायची. दुखणं मलाही यायचं, नाही असं नाही. पण मी रजा टाकायची आणि दहा मिनिटांत दवाखान्यात असायची.

मी तोंडाची फटकळ. फोनवर पहिला प्रश्न एकच, पाणी पितेस का? ती हो म्हणायची. मी म्हणायची, खोटं बोलतेस, प्यायली असतीस तर भरती झाली नसतीस. मला बघ, तेच रक्त आहे ना? एकदा तर म्हणाले, साधं पाणी पिणं होत नाही तुझ्यानं, मग भोग. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ती माया वाटत होती.

एका वर्षी मी चार दिवसांची रजा घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, समोर बसून पाजते. सकाळीच टोळीसोबत शेतावर गेले आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री उघडून बसले. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोटरीपर्यंत पाणी. सोळा बाया ओळीनं वाकल्या. प्रत्येकीची आपली पात ठरलेली, आणि हातातले पऱ्हे, धानाची रोपं, चिखलात खोवत सगळ्या एकदमच मागे सरकत जायच्या. मी तासातासाला धाकटीला हाक मारायची. ती चिखलाचे हात धुवून यायची, गटागटा प्यायची, म्हणायची, ताई, तू मास्तरीणच व्हायला पाहिजे होती. बाकीच्या बाया हसायच्या. त्यांच्यातली एकही पाणी प्यायला आली नाही. मला वाटलं, अडाणी आहेत.

दुपारच्या आधीच तिला जावं लागलं. आणि जाणार कुठे? चारी बाजूंनी मोकळ्या बांध्या, झुडूप म्हणून नाही. या धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या पेंड्या वाहणारे गडी, त्या बांधीत चिखलणीचा ट्रॅक्टर. दोघी बाया काम टाकून तिच्यासोबत लांब गेल्या आणि पावसाचं मेणकापड धरून आडोसा करून उभ्या राहिल्या. तासाभरानं पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत तीन पाती अर्ध्या राहिल्या. तेव्हा कुठे मला कळलं की या बाया सकाळी घरून निघताना घोटभर पितात, आणि मग थेट संध्याकाळी घरी. कुणी शिकवलेलं नाही, आयाबहिणींना पाहून शिकलेलं. ऑफिसात माझ्या टेबलापासून वीस पावलांवर कडी लागणारा संडास होता आणि इतकी वर्षं मी त्याला माझी शिस्त म्हणत होते.

एवढं दिसूनही मी काय केलं? रात्री जेवताना तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून शपथ घालून घेतली की कुणी काही म्हणो, तू पाणी पिशील. ती बरं म्हणाली. मी भंडाऱ्याला परत आले.

त्या वर्षी तिला दुखणं आलंच नाही. फोनवर म्हणाली, यंदा थोडाच रोवणा केला, मग घरीच राहिली. मी ऑफिसात चारचौघांना सांगितलं, बघा, नुसत्या पाण्यानं फरक पडतो. पुढच्या पावसाळ्यात विचारलं तर म्हणाली, पिऊन राहिली ना ताई, तुझी शपथ आहे.

त्याच पावसाळ्यात, रोवणा अर्ध्यावर असताना, शेतावरून आल्यावर तिच्या छातीत दुखायला लागलं. पवनीला नेलं, तिथून भंडाऱ्याला पाठवलं. गाडी पोचायच्या आधी मी दवाखान्याच्या दारात उभी होते. ती वाटेतच गेली होती. कागद मीच भरले. नाव, वय, आजार, सगळं नीट अक्षरात. कुणीतरी म्हणालं, बाईनं किती धीरानं घेतलं. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. आजही पुष्कळदा वाटत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवायला उठले. तेव्हा टोळी सांभाळणारी म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. तिला मन मोकळं करायचं होतं. मागच्या साली धाकटी आपणहून घरी राहिली नव्हती. मी येऊन गेल्यावर ती तासातासाला पाणी प्यायची, तिच्यासोबत दोघी उठायच्या, गुत्ता मागे पडायचा, बाया कुरकुरायच्या. शेवटी म्हातारीनंच तिला घरी बसवलं होतं.

"यंदा हात जोडत आली," म्हातारी म्हणाली. "म्हने, मावशी, मले घे. आता नाही पीत मी पानी, थेंबबी नाही. ताईले मात्र सांगू नको. मंग घेतलं मी."

मी विचारलं, त्या दिवशी तरी प्यायली होती का.

"नाही ना बाई. कोनाले उठू नाही देल्लं तिनं. तिची पात त्या दिवशी सगळ्याइच्या आधी झाली."

म्हातारी हे कौतुकानं सांगत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिला पंगतीत जागा करून दिली आणि वाढायला घेतलं.