दिल्ली ते टोरांटो, पोत्याच्या दोऱ्याने

गोल वस्तू दिसली की आमच्या शेजारचे भाऊ आधी तिला कवेत घ्यायचे. बाजारातला भोपळा असो की लग्नातला ढोल, हात फिरवून गोलाई सांगायचे. त्यांचा जन्म लाकडाच्या डेपोत गेला, सागाचे ओंडके मोजण्यात. "गोल लाकूड सरळ मोजलं का बेइमानी होते," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल.

मी सावली गावातल्या एका शाळेत खिचडी शिजवते. माझी मुलगी नर्स झाली, तिला टोरांटोला नोकरी लागली. "तू हो म्हणशील तरच जाईन," ती म्हणाली. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. मला पटकन बोलणं येत नाही. चार दिवस मी नुसती भांडी घासत राहिले.

शुक्रवारी भाऊ शाळेत आले. "काऊन हो म्हणत नाई, बाई?"

"लय दूर हाय, भाऊ."

"मोजलं?"

मी खिचडी ढवळू लागले.

तांदळाच्या पोत्याचा उसवलेला दोरा घेऊन ते गुरुजींच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या नकाशावर दिल्लीच्या विमानतळापासून टोरांटोच्या विमानतळापर्यंत दोरा धरला. अर्धी भिंत झाली. भाऊंनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मी बी येडा. धरती गोल, अन् मी कागदावर मोजून राह्यलो."

मग पृथ्वीचा गोल मांडीवर घेतला. दोरा ताणला तसा तो वर सरकला, थेट उत्तरेच्या बर्फावर. तीच जवळची वाट. टोरांटो आलं तिथं गाठ मारली. दुसरा दोरा गोलाच्या पोटाला गुंडाळला आणि चार घड्या केल्या. पूर्ण फेरा चाळीस हजार किलोमीटर, गुरुजींनी सांगितलं. आमची गाठ एका घडीच्या थोडी पुढे.

"साडेअकरा हजार," भाऊ म्हणाले. "तासाले आठशे धरलं तर विमानाले चौदा तास. माह्या बहिणीले एटापल्लीच्या जंगलाकडं लगीन करून दिली, तवा पोचाले दोन दिवस लागत. नाला भरला तर तीन. तवा कोणी दूर नाई म्हणलं."

त्या संध्याकाळी मी मुलीला "जा" म्हणाले.

विमान सुटलं त्या दिवशी भाऊ सकाळपासून आमच्या ओट्यावर घड्याळ घेऊन बसले. चौदा तास झाले, फोन नाही. ते माझ्याकडे बघेनात. पंधरा तासांनी फोन आला. भाऊंनी पहिलं विचारलं, "एक तास कुठी थांबली होती?"

तो तास त्यांना फार लागला. भेटले की म्हणायचे, "कुठी चुकलो, समजून नाई राह्यलं."

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. यंदा दिवाळीला मुलगी पहिल्यांदा सुट्टीवर आली. पिशव्या ठेवून आधी त्यांच्याच घरी गेली. वहिनी तांदूळ पाखडत होत्या.

"जाताना पंधरा तास लागले, येताना साडेतेराच," मुलगी म्हणाली. "वर वारा असते. येताना तो मागून ढकलते."

वहिनींचं सूप थांबलं. "हे त्याईले कोणी सांगितलंच नाई," त्या म्हणाल्या. "पण लाकडं मोजणाऱ्याले वारा कसा समजन."

आता मुलगी म्हणते, पुढच्या खेपेला तूही चल. मी अजून हो म्हटलेलं नाही. खिडकीजवळची जागा मिळते का, एवढं विचारून ठेवलं आहे.