भावासाठी घातलेलं गाऱ्हाणं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे मी बोलायचं आणि समोरच्यानं ऐकायचं ही सवय हाडात मुरलेली. पण धाकट्या भावावर मी कधी आवाज चढवला नाही. तो मुंबईत एका कारखान्यात फिटर होता. तिथे त्याला कानात आवाज यायला लागले, माणसं मागावर आहेत असं वाटायला लागलं आणि नोकरी सुटली. मीच जाऊन त्याला जामसंड्याला घरी घेऊन आले. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले, पण पुढे सात वर्षं तो घरातच. अंगण झाडायचं, जेवायचं, पडवीत बसायचं. गाव सगळं जाणून होतं, म्हणून गावात काम द्यायला कुणी धजेना. "आता बरो आसा मा?" असं मला विचारायचे, तो शेजारी उभा असताना! माझा अस्सा जळफळाट व्हायचा.

मग ती मुलगी आली. मानसिक आजार असलेल्यांना काम मिळवून द्यायचं आणि ते टिकेपर्यंत पाठीशी राहायचं, असं काम करणाऱ्या एका संस्थेतली. दर गुरुवारी तळेऱ्याला गाडी बदलून यायची. वय जेमतेम पंचवीस, पाठीला सॅक. हे लेकरू काय दिवे लावणार, असं मी मनात म्हटलं. ती माझ्याशी नाही, आधी त्याच्याशी बोलली. "तुम्हाला काय करायला आवडेल?" असं तिनं त्याला विचारलं. सात वर्षांत मीसुद्धा हे विचारलं नव्हतं.

तिनं त्याला शेजारच्या गावात आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये लावलं. मालकाला सगळं खरं सांगितलं. गोळ्यांमुळे सकाळी झापड येते, म्हणून त्याची वेळ आठऐवजी दहाची. दिवसातून दोनदा शेडच्या मागे दहा मिनिटं एकट्यानं बसायचं, तेव्हा कुणी हाक मारायची नाही. मालक कबूल झाला. भावाची एकच अट होती, "मालकाक सांगा, बाकीच्यांका नको." कामावरच्या बायका तळेऱ्याकडच्या गावांतून टेम्पोनं यायच्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी मला बजावून म्हणाली, "काकी, कुणाला सांगायचं आणि कधी, हे ते ठरवतील. आपण नाही." मी म्हटलं, बरं गो बाय.

आणि काय सांगू, माणूस बदलला. आंबा हातात घेतला की हा वजन सांगायचा. चार डझनी पेटीचा कुठला, सहा डझनीचा कुठला, हात बरोबर त्याच ढिगाकडे जायचा. बायकांनी वजनकाट्यावर घालून खात्री केली आणि त्याचं नावच पाडलं, काटो. दहा वाजता हा पोचला की "काटो इलो गो, काटो इलो!" असा आरडाओरडा. हे मला सांगताना तो हसला होता. दुपारी कुणाच्या तरी डब्यातलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं ह्याच्या डब्यात यायचं. मग "बाय, तुझ्या सुक्याक तशी चव नाय" म्हणून माझ्याशी भांडायचा. मी वरून फणकारायची आणि आत जाऊन आनंदानं रडायची.

एक अख्खा हंगाम असा गेला. दुसऱ्या हंगामाच्या तोंडाशी मला दुर्बुद्धी सुचली.

आमच्याकडे पहिली पेटी भरली की देवापुढे नारळ ठेवून मानकरी गाऱ्हाणं घालतो. म्हणजे सगळ्यांच्या वतीनं तो देवाकडे मोठ्यानं मागतो, आणि त्याच्या एकेका मागण्याला जमलेले सगळे एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतात. त्या शेडमध्येही हा रिवाज होता. तिथले मानकरी आमच्या नात्यातले, वयस्कर, भले गृहस्थ. आदल्या दिवशी मी नारळ घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "माझ्या भावासाठी दोन शब्द घाला. औषध सुटू दे त्याचा."

"घालतंय गो. त्यात काय सांगाक व्हया?" ते म्हणाले.

मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. गाऱ्हाणं चारचौघांत असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. उलट मला तेच हवं होतं. एकटीनं सात वर्षं देवाला सांगून झालं होतं. आता वीस-पंचवीस तोंडं एकदम होय म्हणाली तर त्याला ऐकावंच लागेल, असं वाटलं. भाऊ कामाला जात होता, हसत होता, भांडत होता. तेवढं मला पुरलं नाही. मला तो मुंबईला जाण्याआधीचा हवा होता. त्या मुलीचं बोलणं आठवलं नाही का? आठवलं. पण देवाला सांगणं म्हणजे लोकांना सांगणं नव्हे, अशी मीच माझी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी मीही तिथे जाऊन उभी राहिले. मानकऱ्यांनी हात जोडले आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी पयली पेटी तुझ्या पायाकडे ठेवलेली आसा, ती मानून घे!"

"होय म्हाराजा!"

"बागेक, गाडयेक, माणसांक सांभाळ!"

"होय म्हाराजा!"

मग ते माझ्या भावाकडे वळले. त्यांच्या आवाजात मायाच होती. "आणि ह्या लेकराचा मुंबैक डोक्या फिरला, कानात कायबाय आयकाक येय, अजून औषध चालू आसा. ह्येच्या भयणीन नारळ ठेवलेलो आसा. ह्येचा डोक्या ठिकाणार येव दे!"

बायकांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग सवयीनं सगळ्यांच्या तोंडून आलंच, "होय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा होता. आणि तोही म्हणाला. हात जोडलेले, मान खाली, स्वतःबद्दल तोही होय म्हणाला. देवासमोर नाही कसं म्हणणार तो?

परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, "बाय, तुका कोणी सांगलेला?"

"तुझ्या बऱ्यासाठीच मा रे!" मी म्हटलं. तो झपाझप पुढे चालू लागला.

त्यानंतर शेडमध्ये वाईट कुणीच वागलं नाही. वागल्या असत्या तर बरं, एकेकीची मी तिथे जाऊन हजेरी घेतली असती. त्या सगळ्या प्रेमानंच वागल्या. मी पहिलीच्या वर्गात बोलायची तशा त्याच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. पेट्यांना खिळे मारायचा हातोडा त्याच्या जवळून उचलला गेला. त्यानं निवडलेले आंबे कुणीतरी गुपचूप परत काट्यावर घालू लागली. काटो म्हणणं बंद झालं, आता "भाऊ" म्हणायच्या. डब्यातलं सुकं येत राहिलं, पण त्याला वाढून झालं की त्या लांब जाऊन बसायच्या. एकदा कुणी कच्चा आणि पिकत आलेला आंबा एकाच पेटीत भरला म्हणून तो चिडला. एवढ्यावरून त्या शेडमध्ये रोज कुणी ना कुणी ओरडतं. पण तो ओरडल्यावर सगळीकडे चिडीचूप झालं आणि मालकाला बोलावणं गेलं. मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज घराक जा, आराम कर." असं तीनदा झालं. नंतर तो गेलाच नाही.

मुलगी धावत आली. शेडमध्ये सगळ्यांना घेऊन बसली, समजावलं. बायकांनी माना डोलावल्या, एकीनं डोळेही पुसले. पण भाऊ परत जायला तयार होईना. "आता ती आंब्याकडे नाय, माझ्या हातांकडे बघतत," तो तिला म्हणाला. मी तिला माझी चूक सांगितली. तिनं मला चार शब्द सुनवायला हवे होते. ती उठून पुन्हा पडवीत त्याच्याशी बोलायला गेली, तिचा चहा निवून गेला.

पावसाच्या आधी त्यानं बॅग भरली. "मालवणाक काम गावला. थंयच रवतलंय."

"कसला काम रे? खंय?"

"आसा एक," तो म्हणाला आणि पाया पडून निघाला. माझ्या पाया पडला तो, अजूनही!

मुलगी अजून गुरुवारी येते, आमच्या वाडीत आणखी एकाकडे. जाताना माझ्याकडे डोकावते. मी विचारते, "कसो आसा?" ती म्हणते, "छान आहेत काकी. काम टिकलंय. तिथली माणसंही चांगली आहेत."

"पण खंय?"

"ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तुम्हाला सांगू नको म्हटलंय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भडकले. सख्खी बहीण आहे मी त्याची, वाटेल ते बोलले तिला. तिनं ऐकून घेतलं, पण सांगितलं नाही. शहाणी पोर आहे.

मालवण काय मुंबई आहे? बाजारात दोघांना विचारलं तरी पत्ता लागेल. गेल्या महिन्यात आचऱ्यावरून जाणाऱ्या गाडीत बसून मी गेलेही होते. स्टँडवर उतरले. रिक्षावाला "खंय जावचा, बाय?" म्हणत जवळ आला. त्याला सांगायला मी तोंड उघडलं, माझा भाऊ, असा असा दिसतो, त्याला जरा बरं नसतं... आणि तशीच थांबले. "खंय नाय," म्हटलं, आणि बाकड्यावर बसून परतीच्या गाडीची वाट बघितली.