चाचांनी लावलेलं कुलूप

तुमच्या गल्लीतल्या फिल्टरमध्ये अडकलेलं विष पुढे कुठं जातं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का?

चाचा रोज विचारायचे. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. आमच्या वस्तीच्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक हे विष सापडलं, तेव्हा तिथल्या सरांनी चिंचेच्या टरफलांवर संशोधन सुरू केलं. टरफलांचा कोळसा करायचा, लोखंडाच्या क्षारात भिजवायचा, वाळवायचा. आर्सेनिक त्याला चिकटून बसतं. डोकं सरांचं, हात चाचांचे. कोळसा धुतलेलं पाणी नितळ होईपर्यंत ते घमेलं सोडत नसत. "चाचा, आमटी टाकली का?" आम्ही चिडवायचो. "व्हय की. लई आंबट हाय, तुमास्नी न्हाय पचायची."

वस्तीत फिल्टर बसला. फीत कापली, फोटो निघाले, सरांचा शोधनिबंध छापून आला. त्यात चाचांचं नाव नव्हतं. मी भडकलो. ते म्हणाले, "नाव राहू दे. कोळसा कवा बदलायचा, ते लिवलंय का बघ."

लिहिलेलं नव्हतं.

"विष मेलं न्हाय, अडकलंय," हे त्यांचं पालुपद. कोळसा विषानं भरला की विष पुन्हा पाण्यात येणार. निवृत्तीनंतरही दर शुक्रवारी नमाज झाली की ते चाचणीच्या पट्ट्या घेऊन सायकलवर यायचे. एका शुक्रवारी पट्टी पिवळी पडली, म्हणजे पाण्यात विष उतरलं होतं. सर बदलून गेले होते. कॉलेज म्हणालं, प्रकल्प संपला. चाचांनी फिल्टरच्या नळाला कुलूप घातलं.

"अवो चाचा, पानी तर काचेवानी हाय की!" वस्तीतल्या शांतामावशी ओरडल्या.

"म्हणूनच भ्या वाटतंय, मावशी. मोठ्या रस्त्याच्या नळाचं प्या. तुमचा हंडा मी आणून देतो."

आणि मी? मी पत्रक काढलं. 'गरिबांच्या पाण्याला कुलूप कुणाचं?' दारोदार वाटलं. पट्टी बघायला मात्र गेलो नाही. संध्याकाळी लोकांनी दगडानं कुलूप फोडलं.

चाचांनी मोडकं कुलूप उचललं, माझं पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. "लिवतोस झ्याक. आदी तपासत जा." उरलेल्या पट्ट्या माझ्या हातात देऊन ते करमाळ्याला लेकीकडं गेले. तिथून त्यांच्या मरणाचीच बातमी आली.

त्या दिवशी मी पहिली पट्टी वापरली. ती पिवळीवर थांबली नाही, तपकिरी झाली; विष आणखी वाढलं होतं. आता मी घरोघर सांगत फिरतो, तर शांतामावशी माझंच जुनं पत्रक पुढं करतात.

तुम्ही तरी आज तुमच्या फिल्टरपाशी जा. आतला माल शेवटी कधी बदलला, जुना कुठं टाकला, पाणी कुणी तपासलं, विचारा. उत्तर मिळालं नाही तर नळाला कुलूप घाला. आणि कुणी आधीच घातलं असेल, तर दगड उचलण्यापूर्वी त्याच्या हातातली पट्टी बघा.