गायकवाडबाईंची पेन्सिल

आईच्या रेस्ट होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, खर्चासाठी सरकारने तिच्या घरावर कर्ज दिले होते. ती गेल्यावर ते घर सरकारजमा होते की मुलांचे राहते? या प्रश्नाचे उत्तर मला गायकवाडबाईंनी शोधायला लावले.

पुण्यातल्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन बाई लेकीकडे इथे परदेशात, ओटाहुहू या उपनगरात आल्या होत्या. त्यांच्या अंबाड्यात नेहमी एक पेन्सिल खोचलेली असे. पेन त्या वापरीत नसत. म्हणत, "शाईनं लिहिलेलं माणूस पुन्हा तपासत नाही."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा आईचे पुण्यानुमोदन, म्हणजे मृत्यूनंतरचा आमचा बौद्ध विधी, दहा दिवसांवर आले होते. त्याआधी आईचे हिल्सबरोचे घर पडत्या भावात एका ओळखीच्या माणसाला विकून कर्ज फेडायचे, असे मी ठरवले होते.

"आईच्या डोक्यावर कर्ज ठेवून पुण्यानुमोदन कसं करू, बाई?"

"आईच्या नाही, घराच्या डोक्यावर आहे. घराला कसली घाई? सरकारचं पत्र कुठंय?"

पत्र माझ्या खिशात होते. पहिल्या पानावरची रक्कम पाहून मी त्याची घडी घातली होती, ती पुन्हा उघडली नव्हती.

"वर्गातली पोरंही असंच करायची. पहिला प्रश्न अवघड दिसला, की पेपर पालथा! ऊठ, उभा राहून मोठ्यानं वाच."

पन्नाशीचा मी उभा राहिलो. इथेच जन्मलेली माझी मुलगी मैत्री खुसखुसली, "डॅड, यू आर सो बस्टेड!"

"मैत्री, नंतर हस. बाबा अडला, की अर्थ सांगायचा."

"स्वीट ॲज, आजी," तिने इथल्या बोलीत होकार दिला.

तिसऱ्या पानावर मुदत होती, आणि ती दिवसांची नव्हती, महिन्यांची होती. घर काढून घेण्याचा शब्द कुठेही नव्हता. फक्त कर्ज फेडायचे होते. बाईंनी मुदतीखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले, "घर न विकता फेडता येईल? वकिलांना विचार."

वकिलांनी सांगितले की येईल. शिवाय, मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी मिळण्यापूर्वी मला घर विकताच आले नसते. पुढे मंजुरी आल्यावर मी बँकेचे कर्ज काढून सरकारचे फेडले आणि बॉटनी डाउन्सचे भाड्याचे घर सोडून आम्ही हिल्सबरोला राहायला आलो.

पुण्यानुमोदन मात्र ठरल्या दिवशी, आईच्याच बैठकीच्या खोलीत झाले. बुद्धवंदना संपल्यावर बाई आईच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या, "पोरगं शेवटी तिसऱ्या पानापर्यंत पोचलं हो!"

गेल्या हिवाळ्यात बाईही गेल्या. पत्रावरची त्यांची अक्षरे पुसट होत चालली आहेत. मैत्री ती पेनाने गिरवायला निघाली होती; मी नको म्हटले.

हा अनुभव एका घराचा आहे. तुमच्या हाती येणारे पत्र वेगळे असेल. ते शेवटच्या पानापर्यंत वाचा, वकिलांना विचारा, आणि मी इथे लिहिलेलेही स्वतः तपासून पाहा.