‘मॅडम, किती उतरेल?’

वजन उतरवायच्या दवाखान्यात बारा वर्षं काढली की बाईकडे किस्से साठतात. पेशंटचं वजन उतरत जातं आणि आपल्याकडच्या गोष्टी वाढत जातात. मी आता विचुंब्याला घरीच असते, पण पनवेलच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी मागून म्हणतं, "मॅडम, ओळखलं का?" चेहरा बदललेला असतो, त्यामुळे पटकन ओळख पटत नाही. मग ते माणूस हसतं. हसण्यावरून नाव आठवतं आणि नावामागून किस्सा येतो.

आमचा दवाखाना एसटी स्टँडजवळ होता, एका कापडाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. जाड माणसांचा दवाखाना आणि लिफ्ट नाही! सर सर्जन आणि मी डाएटिशियन. ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात व्हायचं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं बोलणं आमच्याकडे. जिन्याच्या वळणावर सरांनी एक भक्कम लाकडी खुर्ची ठेवली होती. पेशंट तिथे दम खायला टेकायचे आणि मीच खाली जाऊन त्यांच्याशी बोलायला सुरुवात करायचे. केबिनमध्ये लोक वजन सांगत. त्या खुर्चीत बसून मनातलं सांगत.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. मॅडम, किती उतरेल?

सरांचं उत्तरही ठरलेलं होतं. जास्तीचं जे वजन आहे त्यातलं बरंचसं जाईल, सगळं जाणार नाही. सुरुवातीला भराभर उतरेल, मग मंदावेल, मग थांबेल, आणि पुढे थोडं परतही येईल. हे ऐकताना समोरच्याचा चेहरा कसा पडायचा, ते मी बारा वर्षं पाहिलं.

*

जासईचे बाळारामशेठ आले तेव्हा त्यांचं वजन होतं एकशे चाळीस. ट्रेलरचा धंदा, गळ्यात सोन्याची चेन, आणि खिशात एक जुना फोटो. फोटोत बाविशीतले बाळाराम कबड्डीच्या चड्डी-बनियनवर, मांड्यांवर हात ठेवून उभे. त्यांनी फोटो सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मे महिन्यात पोरीचं लगीन हाय. तवर मला असा करा."

तो नोव्हेंबर होता. सरांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "शेठ, पोट लहान करता येतं. वय नाही." सहा महिन्यांत तीस-पस्तीस किलो उतरतील, शुगरच्या गोळ्या बहुतेक कमी होतील, पण हा फोटोतला मुलगा काही परत यायचा नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. शेठनी मान डोलावली. आणि आमच्याकडून निघाले ते थेट शिंप्याकडे गेले. फोटोतल्या अंगाच्या अंदाजाने लग्नाचा कोट शिवायला टाकला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता आपली हजेरी घेणार.

"मॅडम, कोट काय झाला नाय," ते म्हणाले. "पन कन्यादान मी पाटावर मांडी घालून केलं. खुर्ची आनली व्हती माज्यासाठी. परत धाडली."

*

शुभांगीची गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

मी तेव्हा नवीन होते. ती शाळेत शिकवायची, बत्तीस वर्षांची, वजन एकशे अठरा. तिने साठ होईन का असं विचारलं आणि सरांनी ऐंशीच्या आसपास थांबशील असं सांगितलं. परत जाताना ती जिन्यातल्या खुर्चीत बसून रडायला लागली. मला राहवलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर नेहमी कमीच सांगतात गं. तू मेहनती आहेस, होशील साठ."

ऑपरेशन छान झालं. सव्वा वर्षात ती एक्याऐंशीवर आली आणि काटा थांबला. गुडघे दुखायचे बंद झाले, रक्तदाबाची गोळी सुटली, पण तिचं लक्ष साठवर. तिने जेवण कमी केलं, मग आणखी कमी केलं, मग दवाखान्यात येणंच बंद केलं. मी फोन करायचे, ती उचलायची नाही. एक दिवस वर्गात फळ्यासमोर चक्कर येऊन पडली, तेव्हा आई तिला घेऊन आली. केस विरळ झाले होते, ओठ फुटले होते.

तिने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "सरांनी ऐंशी सांगितले होते, ऐंशी झाले. पण मी तुमचं ऐकलं होतं."

सरांना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, आता तिला जेवायला तूच शिकव. मग दर गुरुवारी शाळा सुटल्यावर शुभांगी यायची आणि माझ्यासमोर बसून डबा खायची. मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं, वाटीभर दही. पहिले काही गुरुवार ती घास मोजत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. एका गुरुवारी तिने विचारलं, "मॅडम, तुमचा डबा कुठाय?" त्या दिवसापासून आम्ही दोघी जेवायला लागलो.

पुढे दोन वर्षांनी तिच्या शाळेची सहल कर्नाळ्याच्या किल्ल्यावर गेली. वर सुळक्याच्या पायथ्याशी पोरांच्या गराड्यात ती घामाघूम उभी असलेला फोटो मला मोबाइलवर आला. खाली लिहिलं होतं, ‘त्र्याऐंशी किलो वर पोचले.’

*

सावंतकाका एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. काट्यावर चढायच्या आधी ते चपला, घड्याळ, पट्टा, चष्मा असं सगळं काढून माझ्या टेबलावर रांगेत मांडायचे. एकदा दातांची कवळीही काढली. ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात त्यांचा काटा हलेना. असं होतं, वजन मध्येच थांबतं, हे त्यांना माझं दहा वेळा सांगून झालं होतं. काकांचा मात्र एकच धोशा. काटा बिघडलाय.

शेवटी सर बाहेर आले. "थांबा काका, मी उभा राहून दाखवतो," म्हणाले आणि चढले. सर चार किलोंनी वाढले होते.

काकांनी कवळी बसवली, चष्मा चढवला आणि वाकून आकडा नीट वाचला. "बिघडलाय ना?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "नाही काका. बरोबर आहे."

सोमवारपासून सर नवीन पनवेलहून चालत दवाखान्यात यायला लागले.

*

खतीजाबींचे मियाँ कुवेतला असत, दोन वर्षांनी एकदा घरी यायचे. ते गेले आणि इकडे बाईंनी सासूला विश्वासात घेऊन ऑपरेशनचं ठरवलं. वजन किती हवं, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. त्यांचं म्हणणं होतं, "एअरपोर्टवर त्यांनी मला ओळखताच कामा नये."

मी आता शहाणी झाले होते. ऑपरेशनच्या आधीच बजावलं की कातडी सैल पडेल, दंड लोंबतील, चेहरा काही दिवस ओढल्यासारखा दिसेल, लोक आजारी आहेस का विचारतील. तसंच झालं. मोहल्ल्यातल्या बायका खरोखरच घरी पायाचं सूप आणून द्यायला लागल्या. खतीजाबींनी ते सगळं हसून सोसलं. नवऱ्याला मात्र पत्ता लागू दिला नाही. व्हिडिओ कॉल आला की नेटवर्क खराब आहे म्हणायच्या आणि फोन छताकडे करून बोलायच्या. त्या माणसाने दीड वर्ष आपल्या घरातला पंखा बघितला.

तो येऊन गेल्यावर त्या आल्या त्या रुसूनच. "अठ्ठेचाळीस किलो उतरवले मॅडम. नवीन ड्रेस, नवीन ओढणी. गर्दीत मुद्दाम मागे उभी राहिले. आणि हा माणूस ट्रॉली घेऊन निघाला तो सरळ माझ्याकडे."

ओळखलं कसं, मी विचारलं.

खतीजाबींनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेच मी पण विचारलं. म्हणाले, एवढ्या गर्दीत मला बघून रडणारी एकच होती."

*

आता सुमनताईंचं सांगते. आमचा दवाखाना बंद व्हायच्या आधीच्या दोन वर्षांतली ही गोष्ट.

सुमनताई साठीला टेकलेल्या, नवरा मोरेश्वरराव पोस्टातून रिटायर झालेले. दोघं एकाच वेळी यायचे, पण वेगवेगळे. मोरेश्वरराव त्यांच्या स्कूटरवरून पुढे, आणि सुमनताई रिक्षातून मागे. सोळा वर्षं असंच चाललं होतं. लग्नाला, देवळात, दवाखान्यात. एकदा भर बाजारात स्कूटर दोघांसकट कलंडली होती आणि लोक हसले होते. त्यानंतर त्या मागे बसल्या नव्हत्या, आणि पूर्वी कधीमधी स्वतः चालवायच्या तेही सुटलं होतं.

ऑपरेशननंतर काय व्हायला हवं, असं मी विचारलं तेव्हा मोरेश्वररावांनी घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी उंचीप्रमाणे वजन काढून आणलं होतं, अठ्ठावन्न. सर म्हणाले, इतकं होणार नाही. पुढे जिन्यात सुमनताई मला एकटीला म्हणाल्या, "मला यांच्या मागे बसून एकदा घरी जायचंय. आकडा त्यांचा त्यांना राहू दे."

वर्ष-सव्वा वर्षात त्या नव्वदला आल्या आणि थांबल्या. शेवटच्या तपासणीला मोरेश्वररावांनी तो कागद पुन्हा उघडला. बत्तीस बाकी राहिले, असं काहीतरी ते सरांना सांगत होते, आणि सर त्यांना काय समजावत होते ते मला ऐकू आलं नाही. कारण सुमनताई तेवढ्यात उठल्या, पर्स घेतली आणि जिना उतरायला लागल्या. न थांबता, एका दमात.

मी खिडकीशी गेले. खाली त्या स्कूटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. नेहमीचा रिक्षावाला पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच नको म्हटलं. मोरेश्वरराव धावत खाली आले. खिशातून रुमाल काढून मागची सीट पुसली. सुमनताई बसल्या. स्कूटर जरा खाली दबली, सरळ झाली आणि निघाली.

मी टेबलाशी परत आले. थोड्या वेळाने खाली हॉर्न वाजला, तशी पुन्हा खिडकीशी गेले. स्कूटर स्टँडला वळसा घालून परत आली होती आणि तशीच पुढे गेली. दुसऱ्या फेरीला सर बाहेर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. तिसऱ्या फेरीला वेटिंगमधले पेशंटही खिडकीत आले.

चौथ्या फेरीला गाडी सुमनताई चालवत होत्या आणि मोरेश्वरराव मागे बसले होते.